तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी

घर विकायला काढलं की ते सजवून द्यायचं, हे पूर्णिमाचं काम. कोथरूडमधला आमोदचा फ्लॅट तिने चार दिवसांत पालटून टाकला होता. भिंतींना फिकट रंग, नवे पडदे, जुन्या सोफ्यावर स्वच्छ खोळी. फक्त गॅलरीचा लोखंडी कठडा तिच्या मनातून जात नव्हता. बुधवारी पुसताना तो हातात हलला होता. गंजून एका बाजूने भिंतीतून सुटलाच होता तो.

तिने आमोदला लगेच फोन केला होता.

"वेल्डर सोमवारी येतोय," आमोद म्हणाला. "आणि रविवारी लोक घर बघायला येणार आहेत, कठड्यावर कसरती करायला नाही. कुंड्या लावा पुढे."

तिने लावल्या. गंज दिसू नये म्हणून तीन मोठ्या कुंड्या ओळीने ठेवल्या, गॅलरीच्या दाराला कडी घातली आणि वरून पडदा ओढला.

रविवारी अकराला सलिल आणि सलोनी आले. बरोबर त्यांची चार वर्षांची मुलगी अवनी. सलोनीला स्वयंपाकघर आवडलं. सलिल नळ सोडून पाण्याचा जोर बघत होता. आमोद खुशीत होता. पूर्णिमाचं लक्ष मात्र त्या पडद्यावरून हलत नव्हतं.

"गॅलरी?" सलिलने विचारलं.

"ऊन फार आहे आत्ता," पूर्णिमा घाईने म्हणाली.

"अहो, ऊनच तर बघायचंय. कपडे वाळायला हवेत ना!" हसत त्याने कडी काढली, बाहेर डोकावला आणि आमोद मेंटेनन्सचं काही सांगू लागला म्हणून पुन्हा आत वळला. दार उघडंच राहिलं.

अवनी कधी बाहेर गेली, कुणालाच कळलं नाही. पूर्णिमाने वळून पाहिलं तेव्हा ती मधल्या कुंडीच्या काठावर चढली होती. चपला खाली, पाय मातीत. खाली रस्त्यावर बँड वाजत होता, तो बघायला तिने कठड्यावर पोट टेकलं होतं.

हाक मारली तर पोर दचकेल. पूर्णिमा हाक न मारता धावली. कठडा करकरला, बाहेरच्या बाजूला झुकला, आणि तेवढ्यात तिने अवनीच्या फ्रॉकची पाठ मुठीत धरून तिला मागे खेचलं. दोघी फरशीवर आदळल्या. कठड्याचा एक गज निखळून खाली पार्किंगमध्ये खणकन पडला.

अवनी रडायला लागली. सलोनीने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं.

सलिलचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हे सुटलेलं आहे, तुम्हाला माहीत होतं?"

"छे हो!" आमोद म्हणाला. "इतक्या वर्षांत कधी..."

"माहीत होतं," पूर्णिमा म्हणाली. तिचं कोपर सोलवटलं होतं. "बुधवारपासून. त्यांनाही आणि मलाही. दिसू नये म्हणून कुंड्या मीच ठेवल्या."

सलिलने बायकोचा दंड धरला आणि ते तिघं निघून गेले.

"वा! छान घर विकलंत," आमोद म्हणाला. "या आता तुम्ही."

"जाते. आधी खाली कोणाला फिरकू देऊ नका म्हणून वॉचमनला सांगते. बाकीचे गजही पडतील."

ती जिन्यात आली तर सलोनी एकटीच वर येत होती. अवनीच्या चपला राहिल्या होत्या. पूर्णिमाने मागे जाऊन त्या आणून दिल्या.

सलोनीने त्या हातात घेतल्या. "तुम्ही धरलंत म्हणून ती वाचली," ती म्हणाली. "आणि चढली ती तुमच्याच कुंडीवर. तुम्हाला काय म्हणावं, मला खरंच कळत नाहीये."

"काही म्हणू नका," पूर्णिमा म्हणाली.

सलोनी उतरून गेली. पूर्णिमा जिन्याच्या कठड्याला न टेकता, भिंतीच्या कडेने, तिच्या मागोमाग वॉचमनला शोधायला निघाली.