आडुतुरैपलीकडे न गेलेली परदेशीण

हे तुम्ही मानणार नाही. कुंभकोणात माझं बोलणं मानणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. अरसलार नदीतली मगर मी नुसती छत्री उघडून परतवली, तेही कोणी मानलं नाही. तरी सांगतो. आमच्या गल्लीत पंकजा नावाची एक बाई होती. ती इथून जवळच्या आडुतुरै गावाच्या पलीकडे कधी गेली नाही, आणि तरीही नऊ वर्षं परदेशात होती.

"मगर नव्हती, ओंडका होता," आतून आमच्या सौभाग्यवती, मीनाक्षीबाई, म्हणाल्या आणि कॉफीचे पेले घेऊन ओट्यावर आल्या. एक त्यांनी विजयराघवापुढे ठेवला.

विजयराघव गेल्या महिन्यात मस्कतहून कायमचा परतला. इथल्या आमच्या मराठी समाजाच्या आरोग्य निधीत नाव घालायला त्याने छापील अर्ज आणला होता. त्याचं विचारणं एवढंच होतं, "मामा, ही चौदावी अट मजवरही लागू होईल का?" पण एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती अट नव्हे.

अट अशी. चाळिशीनंतर निधीत येणाऱ्याने जन्मभर दीडपट वर्गणी द्यायची. परदेशाहून परतणाऱ्याने बाहेर काढलेल्या दर वर्षामागे दोन महिने थांबायचं. त्या मुदतीत दुखणं आलं, तर ते त्याचं त्याने पाहायचं. आमच्या आजोबांच्या काळी समुद्र ओलांडला की पंचगव्य घेऊन माणूस संध्याकाळच्या पंगतीत बसत असे. आम्ही शिकलेले लोक. आम्ही प्रायश्चित्त महिन्यांनी मोजू लागलो.

पंकजाचा नवरा वेंकटेश एक्याऐंशी साली कुवेतला वातानुकूल यंत्रं दुरुस्त करायला गेला. निघताना निधीच्या कचेरीत आला. चिटणीस मीच होतो. म्हणाला, "राव, दोन महिन्यांत हिलाही नेतो. दोघांची नावं निधीतून काढा." मी वहीत दोघांपुढे 'परदेशी' असं लिहिलं. अक्षर माझं मोत्यासारखं. तंजावरच्या कलेक्टराने ते पाहून...

"कलेक्टराने काही पाहिलं नाही. पुढे सांगा," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

बरं. तर व्हिसा आलाच नाही. दोन महिने झाले, दोन वर्षं झाली. पंकजा सासूचं करत इथेच राहिली. आमच्या वार्षिक सभेच्या जेवणात सांबार तिच्या हातचा असे. नऊ वर्षं तीनशे पानांना तिने वाढलं. आम्ही जेवलो, विडा लावला, आणि वहीतला शब्द तसाच राहू दिला. तिला वाटे, नाव आहेच. आम्हाला काय वाटे, ते आता आठवत नाही.

नव्वद साली कुवेतमध्ये शत्रूचं सैन्य शिरलं. वेंकटेश ऑक्टोबरात आला तो एका पिशवीनिशी, आणि इतका वाळलेला, की विमानतळावर सामान म्हणून त्याच्यावरच खडूची खूण केली होती. ही थाप मीनाक्षीबाईंनी तशीच जाऊ दिली. त्याची साठवण तिकडच्या बँकेत अडकली होती. इकडे पंकजाला चार पायऱ्या चढताना धाप लागत होती. तंजावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आकसली आहे. मद्रासला नेऊन शस्त्रक्रिया करा, आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.

वेंकटेशाने निधीकडे अर्ज केला. उत्तर आलं, नऊ वर्षांचे अठरा महिने. पंकजालाही तेच, कारण वहीत तीही परदेशी.

फेब्रुवारीत खास सभा भरली. एका बाजूला पुरुष, दुसरीकडे बायका. अध्यक्ष रामलिंग, पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. माणूस वाईट नव्हे. स्वतःच्या खर्चाने चार पोरांना शिकवलेला. ते म्हणाले, "वेंकटेशा, तुजवर राग नाही. पण उमेदीची वर्षं बाहेर घालवायची आणि दुखणं तेवढं आमच्याकडे आणायचं, हे ऐसं चालू दिलं तर उद्या विमान भरून येतील."

"मज थांबवा, अण्णा," वेंकटेश म्हणाला. "अठरा नव्हे, छत्तीस महिने थांबवा. ती कोठें गेली होती? तुमचा सांबार नऊ वर्षं कोणी केला?"

मागून कोणी म्हणालं, "सांबार फर्मास. पण वहीत नाव नाही ना."

लोक हसले. मोठ्याने नव्हे. जेवून सुस्तावलेली माणसं हसतात तसे.

"वहीत चूक जाली असेल तर दुरुस्त करा," वेंकटेश म्हणाला.

"आज वही खोडली, तर उद्या प्रत्येकजण खोडायला येईल," रामलिंग म्हणाले. "अट सगळ्यांना सारखी. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

आता ऐक, विजयराघवा. सभेत तेहेतीस पुरुष. बत्तीस हात वर गेले, मांडवात केळीचे खांब उभे राहावेत तसे. एक खाली राहिला. मी उभा राहिलो. म्हणालो, "अध्यक्ष, तो शब्द मी लिहिला आहे. बाई समोर बसली आहे आणि आपण तिला परदेशी म्हणतो आहोत. ही वही मी खोडतो, मग मला चिटणीसपदावरून काढा." रामलिंगांची मान खाली गेली. पण एकाच्या मताने काय होतं? ठराव झाला.

पंकजा आषाढात गेली. थांबायचे अजून दहा महिने बाकी होते. शेवटच्या दिवसांत उशा रचून बसल्या बसल्या झोपायची. आमच्या हिने एकदा विचारलं, "काय पाहिजे ग?" तर म्हणाली, "काही नको, अक्का. दमले मी." वेंकटेश आता मरुदानल्लूरला बहिणीकडे असतो. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, थांबत नाही.

आणि सहा वर्षं झाली तरी ही चौदावी अट तुझ्या हातातल्या अर्जावर छापलेली आहे. आम्ही म्हातारे दमलो, एवढंच तिचं बळ. तुला पंधरा वर्षांचे तीस महिने सांगतील. घरी तुझी आई साखरेची रोगी, तिलाही तुझ्याच नावाखाली मोजतील. पण तू भिऊ नको. येत्या रविवारी सभा आहे. तेव्हा उभा राहिलो होतो, तसाच पुन्हा उभा राहीन.

मीनाक्षीबाईंनी रिकामे पेले उचलले, आणि परत खाली ठेवले.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या. "मगरीचं सांगा, मी ऐकते. हे नको. तुम्ही उभे राहिला नाही. पंकजाला धरून मी समोरच बसले होते. आम्ही दोघींनी पाहिलं. तुमचा हात वर होता."