'झालंच'मधला च

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी पट्टी आहे. एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेश अर्जाखाली, संगणकाच्या पडद्यावर माझं घर. फॉर्म पाठवला की मी डावीकडून उजवीकडे सरकते आणि काम किती झालं ते सांगते. म्हणजे, सांगायला हवं होतं.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात झाला. तिथं प्रोग्रामिंग करणाऱ्या गजालानं मला घडवलं. सर्व्हरकडून खरी खबर आणायची आणि तेवढंच मला सरकवायचं, असा तिचा बेत होता. पण त्याला आणखी तीन दिवस लागणार होते. तिचे साहेब बद्रीनाथ म्हणाले, पट्टी घड्याळावर पळव, लोकांना काहीतरी हलताना दिसलं की पुरे.

"सर, ये तो झूठ हुआ ना?"

"झूठ कशाला? धीर म्हण."

मग मी धीर देऊ लागले. मिनिटभरात नव्व्याण्णव टक्के गाठायचे आणि तिथं उभं राहायचं. माझ्याखाली साहेबांनी हौसेनं एक शब्द लिहून घेतला: झालंच. आपल्याकडे शिंपी, गवंडी आणि लग्नाचा आचारी हाच शब्द वापरतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. सर्व्हर तिकडे डुलक्या घेई आणि चपळ म्हणून नाव माझं होई. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

शेवटच्या तारखेला वैजापुरात, कडुबाकाकांच्या ऑनलाइन सेंटरवरून तनुजानं फॉर्म पाठवला. बारावीला तिला शहाऐंशी टक्के होते. मी झपझप नव्व्याण्णववर जाऊन उभी राहिले. सर्व्हरकडे तिची गुणपत्रिका अजून निम्मीच पोचली होती. मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

"झालं असंल तर त्याला च कशाला लावलाय, काका?" तनुजानं विचारलं.

"पक्कं झालं म्हणून लावलाय. ऊठ पोरी, मागं लई लाइन हाय," म्हणत काकांनी पान बंद केलं.

अर्ध्यावरचा फॉर्म तिथंच विरला. यादीत तिचं नाव लागलं नाही. कॉलेजात चौकशीला गेली, तर तुमचा अर्जच नाही म्हणाले.

"ते झालंच म्हणत होतं ओ," एवढंच ती बोलली.

हे फिरत फिरत गजालाच्या कानावर आलं. तिनं तीन दिवस कुणाला न विचारता घेतले. आता मी सर्व्हरला विचारूनच सरकते. कधी बारा टक्क्यांवर रखडते आणि 'गुणपत्रिका अजून पोचली नाही, पान बंद करू नका' असं सरळ लिहून दाखवते. लोक शिव्या देतात. द्याव्यात.

मित्रांनो, खोळंबलेल्या माणसाला किती राहिलं ते खरं सांगत जा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. यंदा तनुजा पुन्हा आली. मी सत्तेचाळीसवर अडले, तशी ती हाताची घडी घालून बसून राहिली. शेवटी अर्ज पोचला, त्याचा क्रमांक तिला मिळाला. तिचं गेलेलं वर्ष भरून काढायला मात्र माझी लांबी पुरत नाही.