उतारावर आवरणारी गाडी

"काका, कपडे खराब होतील हो. उठा ना, मी सगळं माहितीपत्रकात दाखवतो."

"कपडे धुता येतात," गाडीच्या खालून आवाज आला. "चेसिसला गंज लागला तर ती कोण धुऊन देणार?"

शोरूमच्या लखलखीत फरशीवर, एका उंच गाडीच्या पोटाखालून दोन जुने बूट तेवढे बाहेर आले होते. बुटांशी बोलण्याची पाळी त्या विक्रेत्यावर यापूर्वी आली नसावी. तो किंचित वाकून, आवाज खाली सोडून बोलत होता.

"त्यांना बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका," मिस्त्री म्हणाले. "यांच्याकडे पाहुणा गेला, की त्याला आधी बूटच भेटतात. माणूस मागाहून येतो."

मिस्त्री हे गाडीखालच्या या मधवाल्यांचे जुने स्नेही. मधवाल्यांच्या जीपला आजवर जेवढे म्हणून वेल्डिंगचे डाग लागले, ते त्यांच्याच हातचे. आणि आता यापुढे डाग देणार नाही, जोडायला लोखंडच शिल्लक नाही, असे जीपची चेसिस ठोकून सांगणारेही तेच. म्हणूनच आज हे तिघे येथे आले होते. तिसऱ्या म्हणजे मधवाल्यांच्या पत्नी. त्यांना सारे नुसते 'बाई' म्हणत. हातातली पिशवी पोटाशी धरून त्या एका खांबाजवळ उभ्या होत्या आणि नवऱ्याच्या बुटांकडे पाहत होत्या.

मधवाल्यांनी गाडीखाली जाऊन काय पाहिले, असे कुणी विचारले असते, तर खरे उत्तर 'काही नाही' असे होते. ते हाताने चाचपत होते. ट्रॉलीचा हूक जेथे बसायचा, त्या आडव्या पट्टीवरून त्यांनी बोटे फिरवली, बोल्ट मोजले, सांधा नखाने खरवडून पाहिला आणि मगच ते बाहेर आले. उठताना त्यांनी विक्रेत्याकडे पाहिले; म्हणजे त्याच्या कानाच्या थोडे पलीकडे पाहिले. आपल्याला हा गृहस्थ मुद्दाम तुच्छ लेखतो आहे, असा समज त्या बिचाऱ्याने एव्हाना करून घेतला होता. त्यात मधवाल्यांचा दोष नव्हता. त्यांच्या दृष्टीच्या नेमक्या मध्यावर एक धुरकट डाग येऊन बसला होता. कडेचे दिसे, समोरचे पुसले जाई. म्हणून एखाद्याचा चेहरा पाहायचा, तर त्याच्या शेजारी पाहावे लागे.

"किती ओढते?" मिस्त्रींनी विचारले.

विक्रेता खुलला. "ओढायला तर ही वर्गात पहिली आहे, काका. भरलेली ट्रॉली, चढ, चिखल, काही सांगा. चारही चाकांना ताकद जाते."

"ओढते किती, हे सगळेच सांगतात," मधवाले म्हणाले. "उतारावर मागचं ओझं ढकलायला लागलं, की आवरते किती ते सांगा."

"त्याला बटण आहे ना. हे दाबलं की गाडी आपोआप सावकाश उतरते."

"आणि ट्रॉलीला ते बटण माहीत आहे का?"

विक्रेत्याने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी खांदे उडवले.

प्रश्न विक्षिप्त वाटला, तरी तो योग्यच होता. ट्रॉलीवर मधमाश्यांच्या पेट्या असत. खालचा फुलोरा आटला, की त्या डोंगरावर न्यायच्या, आणि वरचे पांढरे फूल झडले, की खाली आणायच्या, हा क्रम मधवाल्यांनी आणि बाईंनी लग्नापासून चालवला होता. वाट दगडांची, मध्ये एक ओढा. पेटीतली पोळी मेणाची आणि मधाने जड झालेली. एक धक्का नको तसा बसला, तर पोळे तुटून खाली येते आणि त्याखाली राणीमाशी चिरडते. एका पेटीचा संसार असा एका खड्ड्यात संपलेला दोघांनीही पाहिला होता.

यंदा जीपच नव्हती. शिवाय पलीकडच्या खोऱ्यातला एक व्यापारी साऱ्या पेट्या उचलायला तयार होता आणि पांढरे फूल उमलायच्या आत त्याला होय किंवा नाही कळवायचे होते. आज गाडी ठरली, तर पेट्या राहणार. न ठरली, तर जाणार. एवढे तिघांनाही ठाऊक होते. गाडी चालवणार कोण, हे मात्र तिघांपैकी कुणी विचारले नव्हते.

मिस्त्रींनी शोरूममधल्या तीन गाड्यांना सकाळीच टोपणनावे दिली होती. चकचकीत, बुटकी, काचेचे छप्पर असलेली ती 'नवरदेव'. तिला स्वतंत्र चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही असे कळताच मधवाल्यांनी ती नापास केली. जिच्याखाली ते नुकतेच शिरले होते, ती 'हत्ती'. आणि कोपऱ्यातली, दिसायला साधी, ओढायला थोडी कमी, ती 'खेचर'.

"हत्तीच घ्या," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या पेट्या एका खेपेत जातील. आणि सीट बघा. तुमच्या कंबरेचा जरा विचार करा."

"हो काका, या सीटवर बसलं ना, की खड्डा कळतच नाही," विक्रेता म्हणाला.

"हेच तर वाईट."

"वाईट?"

"खड्डा चालवणाऱ्याला कळलाच पाहिजे. त्याला कळला नाही, तर तो पेट्यांना कळतो. तुमच्या गादीखाली स्प्रिंग आहेत, माझ्या ट्रॉलीखाली नुसते कडक लोखंडी पाटे. तुम्ही गुबगुबीत बसून वेगात जाणार, आणि मागे पोळी पडणार. आराम म्हणजे काय, हे आधी ठरवा. आराम कुणाचा?"

"झालं सुरू," मिस्त्री पुटपुटले. "अहो, मग लाकडी बाक लावून घ्या की आत."

विक्रेत्याने सुटकेसाठी बाईंकडे मोर्चा वळवला. "काकू, तुम्ही मागे बसून बघा ना. पाय पसरायला भरपूर जागा आहे."

"मी मागे बसत नाही," बाई म्हणाल्या. "मी मागे उभी असते."

मिस्त्री मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वस्तुस्थिती सांगितली होती. ट्रॉली मागे घेताना चालकाला तिच्या पलीकडचे काही दिसत नाही. तेव्हा बाई ट्रॉलीच्या कडेला उभ्या राहत आणि फळीवर हाताने ठोकत. दोनदा ठोकले की ये. एकदा ठोकले की थांब. ओरडण्याने माश्या बिथरतात असे नव्हे. पण ओरडलेले इंजिनात बुडते, आणि ठोकलेले लोखंडातून थेट चालकाच्या पाठीत पोचते. या दोन खुणांवर त्यांचा निम्मा संसार झाला होता.

गाडी चालवणे बाईंना येत होते. मधवाल्यांचा पाय मोडला होता त्या साली त्यांनी लायसन्स काढले होते आणि रिकामी जीप त्या बाजारात नेत. ट्रॉली जोडली, की मात्र चावी हात बदलत असे. 'चालवणं वेगळं आणि ओढणं वेगळं,' असा मधवाल्यांचा सिद्धान्त होता, आणि सिद्धान्त एकदा मांडला, की तो मागे घेण्याची रीत त्यांच्याकडे नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी "आता गाडी चालवणं बंद करा" असे सांगितले, तेव्हा बाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. परतताना जीप मधवाल्यांनीच चालवली. बाई सारी वाट समोर पाहत, हात दाराच्या कडीवर ठेवून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या विषयावर कुणीच बोलले नाही. मात्र त्याच्याही पुष्कळ आधीपासून बाई एक गोष्ट करू लागल्या होत्या. पेटी उघडून पोळे उचलले, की मधमाश्या पाळणारा आधी राणीने अंडी घातली आहेत का ते पाहतो. ती बारीक, रव्याच्या कणाएवढी. मधवाले पोळे उन्हात तिरपे धरत, आणि ते काही म्हणण्याआधी बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणत, "अंडी आहेत." म्हणजे त्यांना विचारावे लागू नये.

शोरूमच्या मागे मोकळे मैदान होते. चढ-उतार, खडी, दोन पिंपांमधली अरुंद जागा. गाड्या पारखायला केलेले. मिस्त्रींनी मधवाल्यांची रिकामी ट्रॉली आपल्या ट्रकमागे लावून आणली होती. ती आता हत्तीला जोडली. विक्रेत्याने चावी पुढे केली आणि साहजिकच मधवाल्यांच्या हातात दिली.

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसले. बाई ट्रॉलीच्या मागे गेल्या.

मधवाले चढून बसले. आरसा नीट केला, सवयीने. दोन ठोके आले. त्यांनी ट्रॉली मागे घेतली. स्टिअरिंग उलटे, मग सुलटे, मग हळूच सरळ. ट्रॉली दोन पिंपांच्या मधोमध अशी गेली, की विक्रेता "वा!" म्हणाला. एक ठोका आला. गाडी जागच्या जागी थांबली.

"हात आहे बरं का तुमचा, काका!"

मधवाल्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेले काहीतरी क्षणभर दिसले. आता पुढे चढावर जायचे होते. शेजारची सीट बाईंची. त्या मागून निघाल्या आणि नेहमीप्रमाणे बॉनेटसमोरून वळसा घेऊन दाराकडे येऊ लागल्या. मधवाल्यांनी गियर पुढचा टाकला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी पुढे सरकली.

बाई बरोबर मध्यावर होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तळहात बॉनेटवर आपटला. एकदा.

गाडी थांबली. बाईंच्या पदराला बॉनेटची कड टेकली होती. त्या तिथेच उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या अगदी समोर, आणि नवरा त्या आवाजाच्या दिशेने, त्यांच्या खांद्याच्या थोडे पलीकडे पाहत होता.

विक्रेता धावत आला. "काही नाही, काही नाही! काका, ऑटोमॅटिक आहे ना, ब्रेक सोडला की आपसूक सरकते. क्लचच्या गाडीची सवय असली की सगळ्यांचंच होतं असं."

सबब चांगली होती. सभ्य, तयार आणि निम्मी खरीही होती. मिस्त्री लगेच "हो हो, माझंसुद्धा झालं होतं" म्हणाले. मधवाल्यांनी इंजिन बंद केले.

"नाही," ते म्हणाले. "मला ती दिसली नाही."

मधवाले उतरले, उतरताना दाराला धरून उतरले. बॉनेटवरून हात सरकवत ते समोर आले आणि बाईंचा दंड हाताला लागला, तेव्हा थांबले.

"लागलं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना. ब्रेक चांगले आहेत."

मग त्यांनी चावी बाईंच्या हातात दिली. दिली म्हणजे, आधी त्यांची मूठ शोधली, ती उघडली आणि तीत ठेवली.

"बस बघू. पुढचं टोक दिसतं का सांग."

बाई हत्तीत चढून बसल्या. सीट पुढे ओढली, वर घेतली. मान उंचावली. "आकाश दिसतं," त्या म्हणाल्या. "टोक नाही दिसत."

"अजून वर होत नाही?" मधवाल्यांनी विक्रेत्याला विचारले.

"एवढीच होते, काका. उशी ठेवता येईल, पण मग पाय..."

"उशीवर बसून उतार उतरायचा नसतो. ती दुसरी आणा. खेचर."

"कोण?"

"कोपऱ्यातली," मिस्त्री घसा साफ करून म्हणाले. "ती साधी."

खेचर आली. मिस्त्रींनी ट्रॉली सोडून तिला जोडली. या वेळी त्यांनी एकही विनोद केला नाही. बाईंनी सीट पुढे घेतली, वर घेतली, पाय ब्रेकवर टेकवून पाहिला.

"टोक दिसतंय," त्या म्हणाल्या. आणि मग, कुणी विचारले नसताना, "दोन्ही कोपरे दिसतायत. खालची खडीसुद्धा."

"काका, तुम्हाला सांगितलं पाहिजे," विक्रेता प्रामाणिकपणे म्हणाला, "ही ओढायला कमी आहे. सगळ्या पेट्या एका वेळी नाही जायच्या."

"दोन खेपा करू."

"आणि सीट जरा कडकच आहे."

"तिला विचारा. सीट आता तिची आहे."

बाईंनी मागे टेकून पाहिले. "खड्डा कळेल," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी हळूच विचारले, "व्यापाऱ्याला काय सांगू?"

"माझ्या पेट्या त्याने मागू नयेत, असं सांगा," मधवाले म्हणाले, आणि एक हात गाडीच्या अंगावर ठेवून मागे चालू लागले. दार, मागचे चाक, हूक, ट्रॉलीचा दांडा. हुकापाशी ते क्षणभर थांबले. खीळ बसली आहे का ते त्यांनी बोटांनी पाहिले. मग ट्रॉलीच्या कडेला, फळी जेथे बाईंच्या तळहाताने वर्षानुवर्षे झिजून गुळगुळीत झाली होती, तेथे जाऊन ते उभे राहिले. ती जागा त्यांना अचूक सापडली, तरी तेथे ते पूर्वी कधी उभे राहिले नव्हते. पिंपे कडेला होती. कडेचे त्यांना दिसत होते.

"अगं, सावकाश," ते म्हणाले. "चालवणं वेगळं..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

इंजिन सुरू झाले. बाईंनी काच खाली केली. मागे वळून न पाहता, स्वतःशीच बोलल्यासारख्या त्या म्हणाल्या,

"आरशात दिसताय तुम्ही."

मधवाल्यांनी फळीवर दोनदा ठोकले.