जेलवरची जास्तीची रेघ

"आधी ती वेणी आवर, मग प्रथिनं शुद्ध करायला ये!" असं मी त्या नव्या मुलीला भर प्रयोगशाळेत सुनावलं. सगळे फिदीफिदी हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमचं काम असं, की माणसाच्या शरीरातलं एखादं प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, गाळून गाळून शुद्ध करायचं आणि संशोधकांना पाठवायचं. शुद्ध आहे की नाही ते जेलवर, म्हणजे वीज सोडून प्रथिनं वेगवेगळी करणाऱ्या पातळ, थलथलीत पट्टीवर कळतं. एकच रेघ उमटली पाहिजे. हल्ली दोन उमटत होत्या. दुसरी कसली ते तपासून आलं: केराटिन. माणसाच्या कातडीत, केसांत असतं ते. म्हणजे आमच्यापैकीच कुणाचं तरी झडत होतं.

शुद्धीकरणाच्या खोलीत हात घालणारे दोघंच. एक मी आणि दुसरी प्रोबेशनवर घेतलेली ही मुलगी. मी तर इतका काटेकोर, की माघारी मला 'फिनेलकाका' म्हणतात. मग उरलं कोण? त्यात ती सकाळी माझ्या आधी येऊन माझंच टेबल पुसताना मला दिसली होती.

"स्वतःची घाण लपवतेय," मी संचालक बाईंना सांगितलं.

"तसं असेल तर तिला कायम करता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण आधी खात्री करा."

"खात्री कसली? पुढची खेप मी एकटा करतो. दुसरी रेघ आली तर नाव बदलेन!"

घरी बायको माझ्या हातांना मलम लावत होती. मला सोरायसिस आहे. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे, वर पांढरी सालपटं. बारा महिने फुल बाह्यांचे शर्ट घालतो. डॉक्टर आणि बायको सोडून हे कुणाला ठाऊक नाही, निदान माझी तशी समजूत होती. माझी सगळी बडबड ऐकून बायको म्हणाली, "कशाला त्या पोरीशी खाजवून खरूज काढताय?" आणि स्वतःच जीभ चावली. मी हात हिसकावून घेतला आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मलमही लावू दिलं नाही.

खेप मी एकट्याने केली. मुलीला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. थंड खोलीत हाताला कंड सुटला की कोटावरूनच खाजवायचो. ती सवयच आहे, लक्षातही येत नाही. शेवटी जेल रंगवून दिव्यावर धरलं.

दोन रेघा. दुसरी तर आधीपेक्षा ठसठशीत.

मी टेबलाकडे पाहिलं. यावेळी ते कुणी पुसलेलं नव्हतं. माझ्या बसायच्या जागी काळ्या पृष्ठभागावर पांढरा कोंडा पडला होता. खोलीत चिटपाखरू नव्हतं, तरी मी बाह्या खाली ओढल्या. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

तिच्या नोकरीचा निर्णय त्याच दुपारी होता. जेल कचऱ्यात टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. डब्याचं झाकण उघडून मी वाकलोसुद्धा. समोरच्या काचेतून बाईंची केबिन दिसत होती. ती मुलगी पर्स मांडीवर घट्ट धरून आत बसली होती. झाकण लावलं आणि तडक तिकडे गेलो.

"रेघ आली," मी जेल बाईंपुढे ठेवलं. "हिचा काही दोष नाही. माझं आहे हे."

बाईंना काही उमजेना. शेवटी मला बाही वर करावी लागली. बाईंनी पाहिलं आणि पटकन नजर खिडकीकडे वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीने मात्र हाताकडे पाहिलंच नाही.

"तुला माहीत होतं?" बाईंनी तिला विचारलं.

"हो. म्हणून तर रोज टेबल पुसायचे."

"अगं, मग बोलायचं नाही का? नोकरी जात होती तुझी!"

"चारचौघांत असं कुणाच्या अंगाबद्दल कसं बोलायचं, मॅडम?" ती म्हणाली. "आणि सर स्वतःहून सांगतील याची मला खात्री होती. त्यांना जरासुद्धा खोटं चालत नाही."

टोमणा नव्हता तो. अगदी मनापासून म्हणाली. आणि मी पाचच मिनिटांपूर्वी तेच जेल हातात घेऊन कचऱ्याच्या डब्यावर वाकलो होतो.