पहिला प्रवेश चुकलेली माणसं

रायपूरच्या मराठी मंडळींना नाटकाला वेळेवर येणं म्हणजे जरा हलकेपणाचं वाटतं. गणपतीतलं नाटक सातला लागणार असं फळ्यावर लिहिलं, की सातला हॉलमध्ये असतात सतरंज्या आणि नटांचे आईबाप. बाकीचे आरती करून, पोहे खाऊन, बूढातालाबाकडे एक चक्कर मारून सावकाश येतात आणि शेजारच्याला कोपराने ढोसून विचारतात, "काय झालं बावा आत्तापर्यंत?" शेजारचाही चांगला तिखटमीठ लावून सांगतो. इतकी वर्षं कोणाचं काही अडलं नाही, कारण मंडळाची नाटकं अशी असतात की अर्धी झोपेत पाहिली तरी पूर्ण समजतात.

स्नेहलचं नाटक तसं नव्हतं, आणि तिथेच घोळ झाला.

स्नेहल उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये मालाची रवानगी सांभाळायची. दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडून घसा बसलेला, अंगावर लोखंडाची काळी धूळ, तरी दोन महिने रोज संध्याकाळी बूढापारा मोहल्ल्यातल्या मंडळाच्या हॉलवर येऊन तिने तालीम घेतली. नाटक तिनेच लिहिलेलं. इंदू नावाची एक बाई आणि तिचा नवरा, एवढीच गोष्ट. पण सांगितली होती शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिल्या प्रवेशात इंदू केस मोकळे सोडून गल्लीत येते आणि स्वयंपाकघरातले डबे एकेक करून रस्त्यावर भिरकावते. मीठ सांडतं, साखर सांडते. नवरा हात जोडून शेजाऱ्यांची माफी मागतो. एक शेजारी ओरडतो, "अरे धरा रे तिले! डोकं फिरलं तिचं!" त्यानंतरचा प्रवेश त्याच्या आदल्या दिवसाचा, त्यानंतरचा त्याच्याही आधीचा. इंदू पाहुण्यांना खारट चहा देते, खिरीत मीठ घालते, मग रडते की मी साखरच घातली होती. नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवतो. आणि अगदी शेवटी, म्हणजे गोष्टीच्या सुरुवातीला, एका भर दुपारी तोच नवरा एकटा ओट्यापाशी येतो, मिठाच्या डब्यात साखर ओततो, साखरेच्या डब्यात मीठ, आणि झाकणं पुसून जागच्या जागी ठेवतो.

ही गोष्ट कोणाची, ते स्नेहलने कोणाला सांगितलं नव्हतं. गोष्ट होती तिच्या सुशीलाआत्याची.

वडिलांच्या रेल्वेतल्या बदल्यांमुळे स्नेहल लहानपणापासून आत्याकडेच राहिलेली. आत्याला तीस वर्षांपूर्वी नवऱ्याने वेडी ठरवून घराबाहेर काढलं होतं. त्याला दुसरं घर मांडायचं होतं आणि ही आपण होऊन निघत नव्हती, म्हणून त्याने गल्लीला साक्षीला घेतलं. पुढे आत्याने पोस्टात नोकरी केली. अख्ख्या मोहल्ल्याची रजिस्टर पत्रं तिच्या हातून गेली, एक कधी इकडचं तिकडे झालं नाही. पण पाठ वळली की लोकांच्या तोंडी ती "फिरल्या डोक्याची सुशीला"च राहिली. आणि तो नवरा, शेखरराव, मंडळाचा खजिनदार होऊन मेला. त्याचा फोटो आजही हॉलच्या भिंतीवर आहे, आणि गणपतीत त्याला न चुकता ताजा हार पडतो.

आत्याने ही हकीकत सांगितली तीच मुळी उलटी. स्नेहलने विचारलं, "काहून वं, पहिलेपासून सांग ना."

"लोकाइनं कुठे पहिलेपासून पाह्यलं?" आत्या म्हणाली. "त्यायनं शेवट पाह्यला. मी डबे फेकून राहिली होती, तेवढंच पाह्यलं. मग मीही तिथूनच सांगते."

"आणि 'धरा रे तिले' म्हणून ओरडला तो कोण होता?"

"होता एक. नावाचं काय करतं? बाकीचेही मनात तेच म्हणून राहिले होते."

स्नेहलने त्या रात्री ठरवून टाकलं, नाटक करायचं तर याच क्रमाने.

पहिला प्रयोग शनिवारी झाला. डबे गडगडत पेटीवाल्याच्या मांडीवर गेले तेव्हा होते तेवढे लोक पोट धरून हसले. पुढच्या प्रवेशांत हॉल भरत गेला. आल्याआल्या प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला उत्तर मिळालं, "बाई येडी आहे. नवरा बिचारा भला माणूस आहे." मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत तिसऱ्या प्रवेशाला आले, कारण महाप्रसादाच्या भाजीत मिरची जास्त झाली होती आणि अध्यक्षाशिवाय ती कमी होणार नव्हती. त्यांनाही हेच सांगण्यात आलं. शेवटच्या प्रवेशाआधी ते पंगतीची व्यवस्था पाहायला उठूनही गेले. म्हणजे नाटकाचं डोकंही नाही आणि शेपूटही नाही, एवढं त्यांनी पाहिलं.

पडदा पडला तेव्हा टाळी वाजली नाही. मग एकदम गलका उठला.

"हे पहिले सांगायचं ना!" मीराकाकू विंगेपर्यंत चालून आल्या. त्या आत्याच्या जुन्या गल्लीतल्या. रागाने त्यांचा आवाज कापत होता. "आम्ही उगाच त्या मेल्याची कीव करत बसलो. आमाले काहून फसवलं वं पोट्टे?"

"मी नाही फसवलं काकू," स्नेहल म्हणाली. "त्यानं फसवलं."

काकू पदर सावरून निघून गेल्या. कोणी म्हणालं काही समजलं नाही, कोणी म्हणालं डोकं दुखलं, कोणी म्हणालं नाटक पाहायला येतो की गणित सोडवायला. स्नेहलला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं या हॉलमध्ये नाटक संपल्यावर लोक फक्त भाजीबद्दल बोलत आले होते. आज भाजी कोणाला आठवत नव्हती.

पण दुसरा प्रयोग रविवारी होता, आणि त्याला भिलाई-दुर्गच्या मंडळांचे पाहुणे येणार होते. सकाळीच दत्तोपंतांनी तिला बोलावलं. इंदू करणारी सोनिया आणि नवरा करणारा निरंजन आधीच येऊन बसले होते. निरंजन दत्तोपंतांचा सख्खा पुतण्या.

"नाटक चांगलं आहे," दत्तोपंत म्हणाले. वाईट काही बोलायचं असलं की ते अशीच सुरुवात करत. "फक्त सरळ करून टाक. पहिला सीन पहिले, शेवटचा शेवटी. नवरा डबे बदलते ते पहिले दाखव. लोकाइले समजलं पाहिजे ना."

"सरळ केलं तर काय होईल काका?" स्नेहल म्हणाली. "पहिल्याच मिनिटाले तुमाले माहीत, की नवरा हरामखोर आहे. मग तुम्ही आरामात तिच्या बाजूनं बसान. च्च च्च करान, घरी जान. मले ते नाही पाहिजे. तुम्ही पहिले तिले हसले पाहिजे. मग तुमाले समजलं पाहिजे की आपण कोणाले हसलो. तेच नाटक आहे."

"दीदी, सीधा कर देते हैं ना यार," निरंजन म्हणाला. मराठी त्याला सगळी समजायची, नाटकात तो बोलायचाही चांगली, पण बाहेर उत्तर हिंदीतच. "सीन तो वही हैं, बस आगे-पीछे."

"भाकर तीच, पण भाजायच्या पहिले खाऊन पाह्य."

दत्तोपंतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे पाह्य स्नेहल. मंडळाचा हॉल, मंडळाचा पडदा. पोट्टे सरळ करायले तयार आहेत. तुले नसेल जमत तर तू घरी बस. नाटक होईल."

सोनियाने मान खाली घातली. तेवढ्यावरून स्नेहलला समजलं, की तिच्या येण्याआधीच सगळं ठरलेलं होतं. "घरी नाही बसणार. माझं नाटक कसं मोडता ते समोर उभी राहून पाहीन," ती म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली.

घरी येऊन ती आत्यासमोर ढसढसा रडली. लोक हसतात म्हणून नाही, रागावतात म्हणूनही नाही. तीस वर्षांनी एकदाच या माणसांना त्यांच्या जुन्या, तमाशा पाहणाऱ्यांच्या जागेवर बसवायची संधी मिळाली होती, आणि ती जागाच कोणी काढून घेत होतं. आज सरळ नाटक झालं तर सगळे शहाणे ठरणार होते, जणू काही आम्हाला पहिल्यापासून माहीतच होतं. आत्याची बाजू पुन्हा एकदा कोणी ऐकणार नव्हतं.

"मी नाटक मागे घेते," ती म्हणाली.

आत्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. तिने गॅस बंद केला. "मागे काहून घेतं? मागे घ्यायले आपण काय उधार आणलं होतं? तोंड धू. जेव. आणि पडद्याची दोरी आपल्या हातात ठेव, दुसऱ्याले देऊ नको."

"आणि तू?"

"मी येते ना पाहायले. काल गुडघ्यानं येऊ दिलं नाही." मग फडताळातून तिने आपले पितळी डबे काढले आणि पिशवीत भरले. स्नेहलने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, की तुमचे प्लास्टिकचे डबे वाजत नसतील बराबर.

त्या संध्याकाळी एक नवल झालं. हॉल सातच्या आधीच भरला. काल ज्यांना काही समजलं नव्हतं ते सगळे आज पुढची जागा धरून होते. मीराकाकू तर दुसऱ्या रांगेत. दत्तोपंतही पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत वेळेवर बसले, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी माईकवर सांगितलं की प्रेक्षकांच्या सोयीसाठी आज नाटक सरळ क्रमाने सादर होईल. टाळ्या पडल्या. स्नेहल विंगेत दोरी धरून उभी होती. समोरच्या विंगेत निरंजन नवऱ्याच्या कपड्यात, डबे बदलायला तयार. तिने दात-ओठ खाल्ले आणि दोरी ओढली.

रंगमंचावर निरंजन नव्हता. मागच्या दाराने सुशीलाआत्या आली होती. पांढरे केस मोकळे सोडलेले, काखेत पिशवी. निरंजन जागच्या जागी थबकला. आत्या पार पुढे, दिव्यांपर्यंत चालत आली, पिशवीतून एक डबा काढला, हॉलकडे नीट पाहिलं आणि भिरकावला.

पितळ फरशीवर असं वाजलं की मागची पोरं बाकांवर उभी राहिली. मीठ पहिल्या रांगेच्या पायांपर्यंत उडालं. दुसरा डबा. तिसरा. पाहुण्यांपैकी कोणी खुदकन हसलं. आणि दत्तोपंत ताडकन उठले. चेहरा लालभडक, हात पुढे, अंगातली सगळी अध्यक्षगिरी एका आवाजात आणून ते ओरडले,

"अरे धरा रे तिले! डोकं फिरलं तिचं!"

काल ज्यांनी पहिला प्रवेश पाहिला होता त्यांना ते वाक्य पाठ होतं. अक्षर अन् अक्षर तेच. दत्तोपंतांनी तो प्रवेश पाहिलाच नव्हता, हेही मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. मग हे वाक्य त्यांना कुठून आलं? मीराकाकूंचा हात तोंडावर गेला. स्नेहलच्या हातातली दोरी तिच्या मनगटाला रुतत होती आणि तिला कळतही नव्हतं. "होता एक," आत्या म्हणाली होती.

पाहुण्यांना वाटलं हा नाटकातलाच भाग, प्रेक्षकांत बसवलेला नट. ते टाळ्या वाजवू लागले. एकट्या त्यांच्याच टाळ्या वाजत होत्या, म्हणून त्याही हळूहळू थांबल्या. दत्तोपंत अजून उभेच होते, हात तसाच पुढे. आपण काय बोललो ते त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

आत्याने शेवटचा डबा खाली ठेवला, फेकला नाही. तिचा आवाज चढला नाही. पोस्टाच्या खिडकीतून पुढच्या माणसाला बोलवावं तसा होता.

"बसा दत्तूभाऊ, तुमचं वाक्य झालं. तवा तुम्ही एवढंच बोलून निघून गेले होते. आज शेवटपर्यंत बसा."

ती वळली आणि विंगेकडे चालू लागली. सोनिया रडत रडतच धावत आली, तिने आत्याचा हात धरून तिला आत नेलं. रंगमंच रिकामा, नुसतं मीठ आणि साखर. स्नेहलने समोरच्या विंगेत पाहिलं. निरंजनने एकदा आपल्या काकांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तो बाहेर आला, सांडलेल्या मिठात उभा राहिला आणि हात जोडून पहिल्या प्रवेशातलं आपलं वाक्य स्वच्छ मराठीत बोलला.

"माफ करा. हिची तब्येत बरी नसते."

आज कोणी हसलं नाही. दत्तोपंत खाली बसले. दुसरा प्रवेश सुरू झाला, आदल्या दिवसाचा, आणि सोनियाने पाहुण्यांपुढे खारट चहाचा ट्रे धरला.