पाऱ्यावरची गळती

हवा उन्हानं तापत नाही. हे वाक्य मी आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगते, अन् दरवर्षी पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतात, मॅडमनाच ऊन लागलं की काय! ऊन हवेतून सरळ खाली येतं, आधी जमीन तापते, मग ती तापलेली जमीन वरच्या हवेला तापवते. म्हणून बारा वाजता सूर्य डोक्यावर असला तरी खरा कहर दोन-अडीचला. एवढं साधं आहे. पण आमच्या बेंबळीच्या शाळेत आठवीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो, अन् तिथं हे शिकवताना माझीच जीभ टाळूला चिकटते. पत्रा कशाला जमिनीची वाट बघतोय? तो तापतो अन् सगळी आग पोरांच्या डोक्यावर ओततो.

स्लॅबची इमारत नाही असं नाही. आहे की! तिच्यात आमच्याच संस्थेचं इंग्रजी माध्यम सकाळपासून पंख्याखाली बसतं. आमची मराठीची पोरं दुपारी बारा ते पाच, पत्र्याखाली. मी मार्च लागल्यापासून एकच घोशा लावला होता, की उन्हाळ्यापुरती आमची शाळा सकाळी भरवा. मुख्याध्यापक अंबादास सर म्हणायचे, "बघू." या माणसाच्या थडग्यावरसुद्धा "बघू" असंच लिहावं लागेल.

मला घाई होती ती हर्षालीपायी. दुसऱ्या बाकावर बसते ती पोरगी. अडीच वाजले की तिचं नाक फुटायचं. रक्ताची धार लागायची, वहीवर, गणवेशावर, अन् ती बिचारी मान वर करून, नाक दाबून बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला तापू देऊ नका. आईबाप पुण्याला कामाला, पोरगी आजीपाशी. आजी म्हणजे गजराबाई. उन्हाळा लागला की महादेवाच्या पिंडीवर गळती बांधायचं काम गावात त्यांच्या घराकडं आहे. बुडाला भोक पाडलेलं मडकं, भोकात सुताची वात, अन् पिंडीवर दिवसरात्र थेंब थेंब पाणी, देवाला ऊन लागू नये म्हणून. ती गजराबाई एक दिवस शाळेत आली अन् मला म्हणाली, "बाई, हे रगत मला बघवत न्हाय. अजून धा-पंधरा दिस बघते. न्हायतर पोरीची शाळाच बंद करते."

"आजी, अजिबात बंद करायची नाही! मी सकाळची शाळा करून घेते," मी म्हणाले. बोलून बसले खरी.

मग मी संस्थेचे सचिव नंदीश आप्पा यांच्याकडं गेले. डाळ मिलचे मालक, कपाळाला भस्म, बोलणं गोड. म्हणाले, "मॅडम, सकाळी इंग्रजीवाल्यांच्या गाड्या येतात. त्यात तुमची पोरं फाटकात आली की पालक माझ्या नावानं ओरडतात. उन्हाचं म्हणाल तर आपण काय उन्हात शिकलो नाही का? पारा चाळीसच्या वर गेलेला दाखवा, लगेच सकाळची शाळा देतो."

"दाखवते," मी म्हणाले.

वर्गात तापमापी लावून दाखवली असती तर आकडा कुठल्या कुठं गेला असता. पण मी भूगोलाची बाई. पत्र्याखालचा आकडा दाखवला की आप्पा म्हणणार, हे तर पत्र्याचं तापमान, गावाचं कुठाय? मग मी रामलिंग सुताराकडून रीतसर पेटी करून घेतली. पांढरी, चारी बाजूंनी फळ्यांच्या झडपा, चार उंच पायांवर उभी, दार उत्तरेला. वारा आत खेळावा पण ऊन शिरू नये. शाळेमागच्या मोकळ्या रानात ती रोवली, आत तापमापी टांगली अन् आठवीच्या पोरांना दाखवायला नेलं.

"ह्या पेटीत आपल्या गावाचा पारा आहे," मी सांगितलं.

हर्षालीनं विचारलं, "मॅडम, पारा चढला की माझं नाक फुटतं का?"

"हो बाई, त्यानंच फुटतं," मी म्हणाले, अन् पुढं झडपांबद्दल सांगत सुटले. दोन मिनिटं थांबून नीट समजावलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तास संपत आला होता.

शुक्रवारी पारा एक्केचाळीस. शनिवारी त्याच्याही वर. मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो, सोमवारी. तुमच्यावर विश्वास आहे, पण डोळ्यानं बघितलेलं बरं."

सोमवारी मी दुपारपासून वाट बघत होते. आता बोलावतील, मग बोलावतील. अडीच वाजता हर्षालीचं नाक फुटलं, तिला मी ओला रुमाल दिला. तेवढ्यात मोबाईल वाजला. शिक्षकांच्या गटावर आप्पांचा फोटो आला होता अन् खाली मजकूर होता: "आज दुपारी स्वतः पाहणी केली. पारा फक्त बत्तीस. वातावरण आल्हाददायक. शाळेची वेळ आहे तीच राहील." त्याखाली अंबादास सरांचा अंगठा.

बत्तीस! इथं पोरीच्या नाकातून रक्त गळतंय अन् ह्यांचं वातावरण आल्हाददायक! माझं डोकंच फिरलं. मी फोटो मोठा करून बघितला. आप्पा पेटीपुढं उभे होते, अनवाणी, हात जोडून. पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं, अन् वर तीन बांबूंच्या तिकाटण्याला एक मडकं टांगलेलं.

मी वर्ग तसाच सोडून मागं पळाले.

गळती! माझ्या पेटीवर गळती! थेंब थेंब पाणी गोणपाटावर पडत होतं, पेटीखालची माती चिखल झाली होती, अन् कुणीतरी पेटीच्या दाराला भस्माची तीन बोटंसुद्धा ओढून ठेवली होती. मी तिथूनच आप्पांना फोन लावला.

"आप्पा, तो आकडा खोटा आहे. पेटी ओली होती!"

"ओली होती ती बघितली की मी."

"अहो, ओल्या कापडातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून पारा उतरतो. माठातलं पाणी गार कसं होतं?"

"म्हणजे माठातलं पाणी खोटं गार असतं का, मॅडम?"

मी डोळे मिटून घेतले. "आप्पा, तापमापीच्या पेटीवर गळती बांधलेली बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की," ते म्हणाले. "चपला काढल्या, नमस्कार केला. आज सोमवार."

"उद्या परत या. कोरड्या पेटीत बघा."

"आता गटावर टाकलंय, मॅडम. रोज निर्णय बदलला तर लोक हसतील. पुढच्या वर्षी बघू." अन् फोन ठेवला. त्या "बघू"ची लागण तिथंही पोचली होती तर.

फोन खाली घेते तर समोरून गजराबाई येत होती. काखेत घागर, पदर डोक्यावर, तोंड उन्हानं लाल झालेलं. देवळाच्या आडावरून पाणी आणत होती, म्हणजे निम्मं गाव ओलांडून. मला बघून हसली.

"उतरला न्हवं पारा?" ती म्हणाली. "आप्पा सोता म्हनले, बत्तीस झाला. चाळीसचा बत्तीस केला, बाई!"

"हे तुम्ही बांधलं?"

"व्हय. पारा चढला की पोरीचं नाक फुटतंय म्हनं. तुमीच सांगितलं न्हवं तिला? म्या म्हनलं, मग चढूच देऊ नये. देवाची जास्तीची गळती व्हती, आनली. आज न्हाय ना फुटलं नाक?"

तिच्या त्या चेहऱ्याकडं बघून एखादी गप्प बसली असती. माझ्याच्यानं गप्प बसवलं नाही. दुपारपासूनचा सगळा राग त्या म्हातारीवर निघाला.

"आजी, रोग रेड्याला अन् औषध पखालीला! पेटीतला पारा नुसता सांगतो किती तापलंय ते. तो गार केला म्हणून गाव गार होत नाही. नाक फुटलं तिचं, आत्ताच फुटलं! अन् आज पारा चाळीसच्या वर दिसला असता तर उद्यापासून सकाळची शाळा मिळाली असती. ती तुमच्या ह्या मडक्यानं घालवली!"

गजराबाईचं हसू तिथंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. तिनं घागर खाली ठेवली. ती पेटीपाशी गेली. मला वाटलं, आता रडेल. मला वाटलं, आता म्हणेल, पोरीचं दप्तर द्या, शाळा बंद. अन् मला तिला अडवायला तोंड राहिलं नव्हतं.

तिनं पेटीपुढं हात जोडले नाहीत. गोणपाट सोडलं, पिळलं, खांद्यावर टाकलं. मडकं दोरीसकट उतरवलं, घागर परत काखेत घेतली. मग म्हणाली, "तुमचा वर्ग कुठला, बाई?"

मी बोट दाखवलं. ती सरळ वर्गात शिरली. पोरं उठून उभी राहिली, तिनं हातानंच बसवली. पत्र्याखाली आल्याबरोबर ती क्षणभर दारातच थांबली, वर बघितलं अन् "अगं आई गं," एवढंच म्हणाली. मग दुसऱ्या बाकापाशी गेली. हर्षाली नाकाला रुमाल लावून बसली होती, लाजेनं अर्धी झालेली. आजीनं बाकावर चढून पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या नळीला दोरी बांधली, मडकं टांगलं, वात नीट केली, घागरीतलं पाणी त्यात ओतलं, अन् खाली उतरून ओलं गोणपाट पोरीच्या खांद्यांवर घातलं. पहिला थेंब बरोबर हर्षालीच्या टाळूवर पडला.

पोरं हसली. मग एक हसायची थांबली, मग सगळीच थांबली. टप. टप. पोरीनं डोळे मिटले अन् नाकावरचा रुमाल हळूच खाली घेतला. मला रडू येत होतं अन् कुणाला तरी थोबाडावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम. मी तिची वही उचलली, पाणी लागणार नाही अशी बाजूला सरकवली, अन् पुस्तक उघडलं.

तेवढ्यात अंबादास सर दारात आले. मडकं बघून त्यांचं तोंड उघडं राहिलं. "सरोजिनी मॅडम, हे काय? ही शाळा आहे का देऊळ? काढा ते मडकं!"

"आधी वरचा पत्रा काढा," मी म्हणाले, "मग मडकं काढते."

ते "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत. निघून गेले. ते जाऊन कुणाला फोन करणार हे मला माहीत होतं, अन् उद्या मला काय ऐकावं लागणार हेही. ऐकू द्या.

मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं, "मॅडम, आमच्या डोक्यावर?" गजराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मडक्याकडं बघितलं, मग वर पत्र्याकडं, मग सगळ्या बाकांकडं.

"बाई, पुरंल का एवढं?" तिनं विचारलं.

"नाही पुरायचं, आजी."

"व्हय," ती म्हणाली, अन् रिकामी घागर काखेत मारून आडाकडं निघाली.