टँकरमधलं चौथं शिखर

टँकर मामा घेऊन आला होता, म्हणून केमिस्टने सिरिंज जरा जास्तच मनापासून धुतली. ॲसिटोन आत ओढायचं, बाहेर टाकायचं, पुन्हा ओढायचं. भाच्याने मामाला सांभाळून घेतलं, असं कुणी म्हणायला नको. मग टँकरमधल्या थिनरचा नमुना ओढला, गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचला आणि तो पडद्याकडे डोळे लावून बसला.

यंत्रात मिश्रणाची वाफ होते. मग त्यातला एकेक द्रव केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून आपापल्या चालीने बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचं शिखर उठतं. या थिनरमध्ये तीन द्रव, म्हणजे शिखरं तीन. आज चार उठली. सगळ्यात आधी उठलं ते ॲसिटोनचं, आणि त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

वाटेत माल काढून टँकरमध्ये भलतंच ओतणाऱ्या ड्रायव्हरला कंपनी दारात उभं करत नाही. आणि या ड्रायव्हरने त्याला सायकल शिकवली होती.

मामा खिडकीतून डोकावला. "काय रे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का? काही चुकलं तुझं?"

"काही नाही. तू बाहेर बस ना, मामा."

मामा गेला. केमिस्टने पुन्हा सिरिंज उचलली आणि तिचा वास नाकात गेला. ॲसिटोन! धुतल्यावर ती नमुन्यानेच विसळून घ्यायची असते, तेच राहिलं होतं. इतकी साफसफाई केली, की त्याने नमुन्याऐवजी धुवणच तपासलं होतं. घाईघाईने नवी सिरिंज घेतली, नमुन्याने नीट विसळली, टोचली. पडद्यावर रेघ सरकू लागली.

तेवढ्यात साहेब आत आले. मागे मामा.

"यांनी कबुली दिली आहे," साहेब म्हणाले. "जे काय सापडलं ते यांनीच ओतलं म्हणे. काय सापडलं?"

केमिस्टने जुनी सिरिंज पुढे धरली. "साहेब, माल चोख आहे. माझ्या सिरिंजमध्ये ॲसिटोन राहिलं होतं."

"त्याचं ऐकू नका, साहेब. मामावर जीव आहे पोराचा," मामा म्हणाला. "बादलीभर ओतलं मी ते, ॲसिटोन."

"कशाला?"

मामाने विचार केला. "टँकर रिकामा रिकामा वाटत होता."

तिघंही पडद्याकडे बघत उभे राहिले. ॲसिटोनची जागा आली. रेघ सपाट गेली. मग एक शिखर, दुसरं, तिसरं. पुढे काही नाही.

"तुमची बादली दिसत नाही यात," साहेब म्हणाले.

"मशीन नवीन असेल," मामा म्हणाला. "शिकेल हळूहळू."

साहेब दाराकडे वळले. "माल उतरवा. आणि केमिस्ट, यापुढे नातेवाइकांचा नमुना दोनदा टोचायचा. नातेवाईक बाहेर उभे करून."

साहेब गेले. केमिस्ट मटकन स्टुलावर बसला.

मामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाचवलं बघ तुला. ताईला सांगू नकोस, उगाच काळजी करेल."